बुडाल्याच्या बातमीत सुकतीची वेळही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे महिना उजाडला की आपल्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. 'मद्यधुंद पर्यटकाचा समुद्रात बुडून मृत्यू.' खाली गाव, वय, सोबत किती मित्र होते, मृतदेह कुठे लागला, पोलिसांत नोंद झाली. वाचणारा 'प्यायला होता ना, मग काय होणार' म्हणतो आणि पान उलटतो. माझी तक्रार त्या बातमीत जे नसतं त्याबद्दल आहे. माणूस किती वाजता पाण्यात उतरला, तेव्हा पाणी चढत होतं की उतरत होतं (भरती की सुकती, म्हणजे ओहोटी), पिऊन किती वेळ झाला होता, किनाऱ्यावर जीवरक्षक होता का, यातलं काहीच छापलेलं नसतं. मेलेल्या माणसाला आपण नावं ठेवतो आणि पुढच्या शनिवारी येणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही.

मी मालवण तालुक्यात किनाऱ्यालगत राहते. नोकरी परिचारिकेची केली. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या खोल्या न्याहारी-जेवणासह पर्यटकांना देते. नवरा गाबीत, म्हणजे मासेमार, जन्मापासून रापणीतला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढण्यातला. दारू प्यालेला माणूस रुग्णालयाच्या खाटेवर कोणत्या अवस्थेत येतो ते मी नोकरीत पाहिलं, आणि तो हसत-खिदळत पाण्याकडे कसा जातो ते आता माझ्या अंगणातून पाहते. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला जुनी माणसं मोबाइल बघत नाहीत. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून पुढे साधारण सव्वासहा तास पाणी उतरत जातं, त्याला आम्ही सुकती म्हणतो. थोडी मिनिटं मागेपुढे होतात, पण रापण ओढायला आणि होडी लोटायला एवढा अंदाज पुरतो.

आता या हिशोबावर पर्यटकाचा दिवस ठेवून बघा. पुण्या-कोल्हापुराहून रात्रभर गाडी हाणत मंडळी सकाळी पोहोचतात. अंघोळी, न्याहारी, गावात एक चक्कर. बाराच्या सुमारास खोलीत बाटल्या उघडतात. दोनला सुरमईची थाळी. तीनला कुणीतरी उठतो, 'चला रे, पाण्यात जाऊ.' दिवस पौर्णिमेचा असेल तर सव्वाअकराला भरती होऊन गेलेली असते आणि सुकतीचा तिसरा-चौथा तास चालू असतो. सहा तासांत पाणी सगळ्यात जोरात याच मधल्या दोन तासांत ओढतं. त्यात उधाण, म्हणजे चढ-उतार इतर दिवसांपेक्षा मोठा. त्यात दुपारनंतर वायव्येचा वारा उठलेला असतो आणि लाटा वाढलेल्या असतात. ऊन, पोटातली दारू, थकलेलं शरीर, वारा आणि सुकती हे सगळं दुपारी दोन ते चारच्या मध्ये एकत्र येतं, आणि नेमका तोच वेळ आमचे पाहुणे समुद्रासाठी राखून ठेवतात. मे महिन्यात बुद्धपौर्णिमेची सुट्टी बहुधा येते. जोडून शनिवार-रविवार आला तर किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. पंचांग उघडून बघितलं तर कळतं की त्या गर्दीच्या दिवशीच उधाण आहे. हे कुणी त्यांना सांगत नाही.

देवबागला जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे तर सुकतीला नदीचं आणि भरतीचं पाणी मिळून बाहेर धावतं. गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला धडधाकट माणूससुद्धा तिथे पायाखालची वाळू सरकल्यावर तोल सांभाळू शकत नाही. उघड्या किनाऱ्यावर समुद्राकडे खेचणारी पाण्याची ओढ कुठे आहे ते नवख्याला ओळखता येत नाही, उलट ती जागा त्याला चांगली वाटते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, जरासं गढूळ दिसतं. लाटेला भिणारा माणूस मुलाचा हात धरून बरोबर तिथेच उतरतो. ओढीत सापडल्यावर करायचं असतं ते साधं आहे. किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, अंग सैल सोडून तरंगायचं, मग किनाऱ्याला समांतर थोडं बाजूला जायचं आणि लाटा फुटताहेत तिथून किनाऱ्याकडे यायचं. पण एवढा विचार सुचायला डोकं ताळ्यावर लागतं. प्यालेला माणूस समोर दिसणाऱ्या किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमतो.

दारूचं शरीरावर काय होतं हे मी भाषणात सांगायचे तेव्हा लोक यकृतापासून सुरुवात होईल असं धरून चालत. पाण्यात यकृताला वेळच मिळत नाही. आधी अंदाज जातो, 'त्या होडीपर्यंत सहज जाऊन येईन' असं वाटायला लागतं. मग कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र गडबडतं. लाट डोक्यावरून गेली, माणूस उलटापालटा झाला की वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला क्षणभर कळत नाही, आणि तो क्षण पुरेसा असतो. घशात पाणी गेलं तर ठसका लागून ते बाहेर पडायला हवं, ती क्रियाही मंदावलेली असते. भरल्या पोटी उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते. आणि उन्हाचं वेगळंच. दारूने लघवी जास्त होते, अंगातलं पाणी जातं. आमच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग गार होत नाही. थंडगार बिअर प्यायल्याने उन्हाळा बाधत नाही असं म्हणणारे लोक दुपारी चक्कर येऊन पडलेले मी सलाइन लावून झोपवले आहेत.

बिअर म्हणजे दारू नव्हे, असं मानणारे तर फार. पाहुण्यांशी मी यावर नेहमी वाद घालते, आणि वाद आकड्यांनीच मिटतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमची तीव्रता ४२.८ टक्के असते. ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये म्हणजे साधारण १३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल गेलं. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते आणि मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. ८ टक्क्यांनी धरलं तर त्यात ५२ मिलिलिटर अल्कोहोल झालं. एक बाटली म्हणजे चार पेग. दोन बाटल्या म्हणजे आठ. शरीर साधारण तासाला एका छोट्या पेगएवढं अल्कोहोल बाहेर काढतं, कधी त्याहूनही कमी. ही गती लिंबूपाण्याने वाढत नाही, ताकाने नाही, काळ्या कॉफीने नाही, समुद्रात डुंबल्याने तर अजिबात नाही. डुंबल्यावर तरतरी येते आणि उतरली असं वाटतं, पण रक्तात होतं ते तिथेच असतं. दुपारी एकला दोन स्ट्राँग रिचवलेला माणूस रात्री दहालाही गाडी चालवायच्या लायक असेलच असं नाही.

हेच गणित सकाळचंही आहे आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही. रात्री दोनपर्यंत बैठक चालते, आठ वाजता स्कुबाची वेळ घेतलेली असते. झोप झाली म्हणून मंडळी स्वतःला ठीक समजतात. तोंड सुकलेलं, डोकं जड, आणि पाण्याखाली जायचं. स्कुबावाल्यांपैकी काही जण वास आला की सरळ नाही म्हणतात, पैसे परत देतात. त्यांचं मी जाहीर कौतुक करते, कारण मोसम जेमतेम काही महिन्यांचा असतो, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत तर यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद, आणि हातचं गिऱ्हाईक सोडणं सोपं नसतं. पण त्याच पाहुण्याला शेजारचा बोटवाला घेऊन जातो हेही मी बघते. परतीच्या सकाळी फोंडा घाट किंवा आंबोली चढणाऱ्या गाड्यांचंही तसंच. मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे ती रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमची. कायदा रात्र आणि सकाळ असा फरक करत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आमचा तालुका गोव्याला जवळ, त्यामुळे हुर्राकबद्दलही लिहायला हवं. काजूच्या बोंडूच्या रसाचं पहिलं गाळप म्हणजे हुर्राक. मार्च ते मे एवढाच त्याचा मोसम. लिंबाचा सोडा, मीठ, चिरलेली हिरवी मिरची, बर्फ. चव सरबतासारखी लागते आणि पिणाराही सरबतासारखाच पितो. फेणीपेक्षा ते सौम्य हे खरं, पण घरगुती भट्टीच्या हुर्राकाची तीव्रता बाटलीवर लिहिलेली नसते, प्रत्येक भट्टीची वेगळी. किती प्यायलो याचा हिशोब ठेवता येत नाही आणि उन्हात उठून उभं राहिल्यावरच कळतं. त्यात महाराष्ट्रात वयाची अट बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५, गोव्यात मात्र १८. कॉलेजची पोरं सुट्टीत बांद्याचा नाका ओलांडून का जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरी सांगितलेलं असतं तारकर्ली, आणि असतात कुठल्या तरी दुसऱ्याच किनाऱ्यावर. पालकांनी निदान कुठे आहात एवढं रागावल्याशिवाय विचारावं, म्हणजे काही झालं तर पोरं फोन करायला घाबरणार नाहीत. मित्र बेशुद्ध पडलाय आणि 'घरी कळेल' म्हणून तास-दोन तास कुणालाच न सांगता बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ते दोन तास परत मिळत नाहीत.

'समुद्रकिनारी मद्यपान करण्यास सक्त मनाई' असे फलक लावून भागेल असं ज्यांना वाटतं त्यांना मी नम्रपणे विचारते, की लोक पितात कुठे? खोलीत पितात, गाडीत पितात, हॉटेलात पितात आणि मग चालत किनाऱ्यावर येतात. फलक वाळूवर असतो, दारू आधीच पोटात असते. गोव्याने २०१९ मध्ये किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला एकट्याला २ हजार आणि टोळक्याला १० हजार दंड ठेवला. वाळूत काचा पेरल्या जातात, त्यावर पाय पडलेल्या पोराला टाके घालताना आईचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून तो दंड मला मान्य आहे. पण शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात, रीतसर बिल भरून प्यालेला माणूस उठून पाण्यात गेला तर तो दंड त्याला वाचवत नाही. दारू पिऊच नका असं सांगणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, परंतु सुट्टीवर आलेल्या माणसाला ते सांगून तो ऐकत नाही हा माझा नोकरीतला आणि घरातला अनुभव आहे. वेळ सांगितली तर ऐकतो.

म्हणून आमच्या घरी पाहुणा आला की चहाबरोबर त्याला दिवसाची वेळ सांगितली जाते. पाण्यात जायचं ते सकाळी, पोटात घावणे-चटणी नि चहा एवढंच, आणि तेही माझ्या नवऱ्याने पाणी बघून हो म्हटल्यावर. दुपारी जेवून झोपायचं. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी सूर्य बुडाल्यावर, जेवणाबरोबर, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून. बाटली उघडली की त्या दिवसापुरता समुद्र संपला आणि गाडीही संपली, किल्ल्या स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला. सुरुवातीला एक-दोघे रागावून गेले, जाऊ दे. गेल्या उन्हाळ्यात सांगलीकडच्या एका मोठ्या कुटुंबातल्या जावयांनी दुपारीच सुरुवात केली आणि तीनला टॉवेल घेऊन निघाले. नवरा अंगणात जाळं तुणत होता. तो उठला नाही की ओरडला नाही. म्हणाला, "पावण्यानू, सुकती लागली हा. आता जाव नकात. सकाळी मी येतंय वांगडा (सोबत)." ते थबकले, कारण समुद्र ओळखणारा माणूस बोलत होता. त्यांच्या बायका मघापासून तेच सांगत होत्या, त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. सहलीत न पिणाऱ्या बायकाच बहुतेक वेळा पोरांवर आणि नवऱ्यांवर डोळा ठेवून बसलेल्या असतात. त्यांनी 'नको' म्हटलं तर त्या रसभंग करताहेत असं समजू नका, ग्रुपमध्ये शुद्धीवर असलेलं तेवढंच माणूस आहे.

लहान मुलांच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. एक घोटही घेतलेल्या माणसाने मुलाला पाण्यात न्यायचं नाही. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याबरोबरीला, मान मागे, आणि आवाज नाही. प्यालेल्या बापाला वाटतं पोरगं खेळतंय. मोठ्या माणसांतही मित्रांना वाटतं हा मस्करी करतोय. मग समजतं तेव्हा दुसरा उडी मारतो, तोही प्यालेला, आणि बातमीत 'दोघांचा' असा शब्द येतो. पाण्यात उडी मारण्याआधी काहीतरी फेका. झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा जार, मासळीचा थर्माकोलचा डबा, होडीचा दोर. मासेमारांना हाक मारा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबत बसू नका. श्वास चालत नसेल तर नाक दाबून तोंडाने दोन श्वास, मग छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर तीस दाब, पुन्हा दोन श्वास, १०८ ची गाडी येईपर्यंत. ११२ लावला तरी चालेल, पण एकाने फोन लावायचा आणि दुसऱ्याने दाब थांबवायचे नाहीत.

आणि सुरूच्या बनात 'पिऊन झोपलाय, झोपू दे' म्हणून सोडून दिलेला माणूस. त्याला हलवून बघा. हाक मारल्यावर उत्तर देत नसेल, श्वास घरघरत किंवा फार संथ असेल, अंग तापलेलं असेल, तर तो झोपलेला नाही. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. अंग तापलं असेल तर सावलीत नेऊन ओल्या कपड्याने पुसत राहा, वारा घाला आणि गाडी बोलवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, लिंबू, ताक काही घालू नका. आणि त्याला एकटं टाकून कुणी जेवायला जाऊ नका.

ग्रामपंचायती आणि बंदर खात्याकडून काय हवं ते थोडक्यात लिहिते. गर्दीच्या दिवसांत जीवरक्षक सूर्यास्तापर्यंत असावा, जेवणाच्या सुट्टीतही पाळी बदलून कुणीतरी असावं, कारण धोका जेवणानंतरच्या तासांत आहे. मनाईच्या फलकाशेजारी एक खडूचा फळा ठेवून रोज सकाळी त्यावर त्या दिवशीची भरती-सुकती लिहावी. हे काम शाळेतलं पोरही करील. राहण्याची परवानगी देताना प्रत्येक खोलीत त्याच वेळांचा कागद लावण्याची अट घालावी.

आता आपल्याकडे मागणं. आपण रोज सूर्योदय, सूर्यास्त, तिथी, नक्षत्र छापता. त्याच चौकटीत भरती आणि सुकतीच्या चार वेळा छापा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं प्रसिद्ध करतो, त्यामुळे आकडे कुठून आणायचे हा प्रश्न नाही. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचा इशारा देते, तो आपण छापताच, पण आतल्या पानावर आणि मासेमारांसाठी म्हणून. एप्रिल ते जून तो पहिल्या पानावर, पर्यटकांसाठी म्हणून द्या. कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या आवृत्तीत शुक्रवारी नक्की द्या, कारण बॅगा शुक्रवारी भरल्या जातात. आणि दुर्दैवाने बुडाल्याची बातमी द्यावीच लागली, तर 'मद्यधुंद' लिहून थांबू नका. पाण्यात उतरल्याची वेळ, त्या वेळचं पाणी आणि जीवरक्षक होता की नव्हता, एवढं बातमीदाराला विचारायला सांगा. मृताचं नाव एक वेळ नसलं तरी चालेल.

एक निवृत्त परिचारिका,
तारकर्ली-देवबाग परिसर, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग